कोणता ‘शोले’ खरा? पडद्यावर परतणाऱ्या ‘डायरेक्टर्स कट’चा आढावा

१२ डिसेंबर २०२५ रोजी ‘शोले’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. तसा तो कितीदा लागला याची गणती कुणी ठेवलेली नाही. या वेळी मात्र नावापुढे ‘द फायनल कट’ असे शब्द होते आणि शेवट बदललेला होता. ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करत नाही, जिवानिशी मारतो. देशभरात सुमारे १,५०० पडद्यांवर चित्रपट आणण्याची घोषणा सिप्पी फिल्म्सने केली होती. वीरू साकारणारे धर्मेंद्र जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यामुळे गर्दीतले किती जण शेवटासाठी आले आणि किती वीरूसाठी, हे वेगळं काढणं अवघड आहे.

पन्नास वर्षं एक शेवट पाहिलेल्या माणसाला दुसरा शेवट दाखवून ‘हाच मूळचा’ असं सांगितलं, की त्याने पाहिलेला चित्रपट कोणता होता, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. हा प्रश्न जगभर चघळला गेला आहे. भारतात तो २०२५ मध्ये एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या रूपांत समोर आला. गोंदियासारख्या जिल्ह्यातून पाहिलं तर त्याला आणखी एक पदर आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या चर्चेत तो सहसा सुटतो. म्हणून या वादाची मांडणी मुळापासून करून पाहू.

आधीची गोष्ट: रीळ, पेटी आणि कात्री

चित्रपटाची एकच पक्की आवृत्ती असते, ही समजूत आपल्याकडे कधी फारशी खरी नव्हती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं उरली आहेत, ती पहिल्या चित्रपटाची नसून या दुसऱ्याची आहेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे भारतीय कथापटाच्या पहिल्याच पानावर ‘कोणता खरा’ हा वाद बसलेला आहे.

प्रभात फिल्म कंपनीने तर दोन आवृत्त्या हा धंद्याचा नेमच केला होता. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’: दिग्दर्शक तेच शांतारामबापू, सेट तेच, कॅमेरा तोच, भाषा वेगळी. यांतला मूळ कोणता आणि नक्कल कोणती, हे ठरवण्याची कुणाला गरज भासली नाही. पुढे जब्बार पटेलांनी ‘उंबरठा’ आणि ‘सुबह’ असेच जोडीने केले. मराठी प्रेक्षकाला एकाच चित्रपटाची दोन रूपं हा प्रकार परका नाही, इतकं यावरून म्हणता येईल.

ही झाली निर्मात्याच्या घरातली रूपं. पडद्यापर्यंतच्या वाटेवर आणखी किती तयार होत, त्याची नोंदच झालेली नाही. वितरणाच्या नकाशात आपला विदर्भ ‘सी.पी. बेरार’ सर्किटमध्ये मोडतो. सी.पी. अँड बेरार हा प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ त्यातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सिनेमावाल्यांनी मात्र इंग्रजांचा प्रांत सोडला नाही. या मुलखातल्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्यालय भुसावळला आहे. प्रिंटा मोजक्या निघत. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची ठिकाणं, मग तालुके, शेवटी जत्रेतले तंबू. पेटी रेल्वेने यायची आणि पुढच्या गावी जायची. प्रत्येक गावात फिल्म तुटायची, ऑपरेटर ती जोडायचा आणि जोडताना दोन-चार चौकटी गळायच्या. शेवटचा खेळ वेळेत संपवायचा म्हणून मॅनेजरच्या सांगण्यावरून एखादं गाणं किंवा विनोदी प्रसंग वगळला जायचा. गावोगाव फिरून प्रिंट शेवटच्या टप्प्यातल्या टॉकीजला पोचेपर्यंत तिच्यात दिग्दर्शक, संकलक आणि सेन्सॉर यांच्याखेरीज डझनभर अनामिकांची कात्री चाललेली असे. ‘ऑपरेटर्स कट’ असा शब्द रूढ झाला नाही, एवढंच.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, माणसाला याचं फारसं वाईटही वाटलं नसावं, असा माझा कयास आहे. भातकापणीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने इथे रात्रभर नाटकं चालतात. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव फिरतात. गावाच्या मागणीप्रमाणे लावणी वाढते, विनोदी पात्राचा प्रवेश लांबतो, उजाडायला लागलं की शेवट आवरता घेतला जातो. प्रयोग हा प्रत्येक रात्रीचा निराळा, हे ज्याने लहानपणापासून पाहिलं, त्याला चित्रपटाच्या ‘अंतिम’ आवृत्तीचं अप्रूप थोडं कमीच असणार.

१९७५: जे कापलं, जे बदललं, जे चित्रितच झालं नाही

‘शोले’ची हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यातले तीन धागे नीट वेगळे केले, तर पुढचा वाद समजायला सोपा जाईल.

पहिला धागा सेन्सॉरचा. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागली. चित्रपट १५ ऑगस्टला प्रदर्शित व्हायचा होता. ठाकूर बलदेवसिंग हा माजी पोलीस अधिकारी. तो खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गुन्हेगाराला तुडवून मारतो, हे सेन्सॉरला मान्य नव्हतं. निवृत्त असला तरी पोलिसाने कायदा हातात घेतलेला दाखवायचा नाही. दाद मागायला वेळ नव्हता, आणि त्या दिवसांत दाद लागण्याची आशाही फारशी नव्हती. सोव्हिएत संघात गेलेल्या संजीव कुमारला परत बोलावून रामनगरच्या खडकांत शेवट नव्याने चित्रित झाला. ठाकूर मारायच्या बेतात असताना पोलीस पोचतात, कायद्याची आठवण करून देतात, ठाकूर थांबतो. मूळ शेवटात कुणी थांबवायला येत नाही. गब्बर मरतो आणि त्यानंतर ठाकूर ढसाढसा रडतो. मला स्वतःला त्या मारण्यापेक्षा हे रडणं महत्त्वाचं वाटतं, कारण सूड पुरा झाल्यावर माणसाच्या हाती काहीच उरत नाही, हे त्यात दिसतं. पोलीस आले की ते रडण्याचं कारणच निघून जातं.

दुसरा धागा संकलनाचा. सचिन पिळगावकरने साकारलेला इमामसाहेबांचा मुलगा अहमद गब्बरच्या तावडीत सापडतो. त्याच्या छळाचा भाग प्रदर्शित चित्रपटात नाही. गब्बर हातावर चालणारी मुंगी चिरडतो आणि पुढे आपल्याला दिसतो तो घोड्यावरून गावात आलेला मृतदेह. हे कुणाच्या सांगण्यावरून कापलं याच्या कथा निरनिराळ्या आहेत. पण ती मुंगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या मुलाचं काय झालं हे दाखवण्याची गरज पडत नाही. ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलक एम. एस. शिंदे यांना, आणि तो मिळाला प्रदर्शित झालेल्या आवृत्तीसाठी. डायरेक्टर्स कटच्या चर्चेत या मराठी माणसाचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही.

तिसरा धागा, जे घडता घडता राहिलं त्याचा. पहिल्या दिवसांत धंदा मंद दिसला तेव्हा जय मरतो म्हणून लोक नाराज आहेत, त्याला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, असा विचार गंभीरपणे झाला होता. थोडं थांबू, असं ठरलं आणि नंतर गरज उरली नाही. एक कव्वाली ध्वनिमुद्रित झाली, पण लांबीच्या भीतीने चित्रित झाली नाही. तेव्हा ‘दिग्दर्शकाच्या मनातला शोले’ म्हणून जे म्हणायचं, त्यातलं काही कापलं गेलं, काही बदललं गेलं आणि काही फिल्मवर उतरलंच नाही. पहिलं परत आणता येतं. शेवटचं कुणालाही आणता येणार नाही.

कापलेला शेवट पन्नास वर्षं कुणीच पाहिला नव्हता, हेही खरं नाही. व्हिडिओवर आणि पुढे डीव्हीडीवर तो फिरत होता, यूट्यूबवर सापडत होता. २०२५ मध्ये घडलं ते असं, की त्याला मोठ्या पडद्यावर सरकारी प्रमाणपत्रासह हक्काची जागा मिळाली.

दुरुस्ती म्हणजे काय केलं

फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही मुंबईची संस्था शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये स्थापन केली. सिप्पी फिल्म्सबरोबर तिने सुमारे तीन वर्षं ‘शोले’वर काम केलं, तांत्रिक काम इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत झालं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह इतकी खराब झालेली होती की ती वापरता आली नाही. फिल्म कुजताना आंबूस वास सुटतो, म्हणून या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. ७० मिमीची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. लंडनच्या एका गोदामातली आणि मुंबईतली मधल्या टप्प्यांवरची फिल्म शोधून काढून त्यावरून काम झालं. कापलेला शेवट आणि दोन प्रसंग त्यातच मिळाले. २७ जून २०२५ रोजी बोलोन्याच्या भर चौकात, उघड्या आकाशाखाली, ही २०४ मिनिटांची आवृत्ती पहिल्यांदा दाखवली गेली.

एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ‘शोले’ मुळात ३५ मिमीवर चित्रित झाला आणि ७० मिमीसाठी वरून-खालून कापून रुंद केला गेला. मुंबईच्या मिनर्व्हात ज्यांनी पाहिला त्यांनी रुंद ‘शोले’ पाहिला. लहान गावांत ३५ मिमीची प्रिंट आली. त्यामुळे चौकटीपासूनच ‘मूळ’ एक नव्हतं. दुरुस्तीत ७० मिमीची २.२:१ ही चौकट निवडली गेली. निवड योग्य वाटते, पण ती निवडच आहे.

बाहेरचं जग थोडक्यात

‘डायरेक्टर्स कट’ हा शब्द हॉलीवूडमधून आला. तिथे भांडण दिग्दर्शक आणि स्टुडिओ यांच्यातलं. ‘ब्लेड रनर’ (१९८२) स्टुडिओने निवेदन आणि गोड शेवट जोडून लावला, १९९२ मध्ये ते काढलेली आवृत्ती आली, आणि रिडली स्कॉटचा पूर्ण ताबा असलेली ‘फायनल कट’ आवृत्ती २००७ मध्ये. ‘टच ऑफ इव्हिल’ची नवी आवृत्ती १९९८ मध्ये तयार झाली, तेव्हा ऑर्सन वेल्सला जाऊन तेरा वर्षं झाली होती. संकलकासमोर होतं त्याने स्टुडिओला लिहिलेलं ५८ पानी टिपण. उलट टोकाला ‘स्टार वॉर्स’: जॉर्ज लुकासने १९९७ मध्ये जुन्या चित्रपटांत नवी दृश्यं घातली आणि जुनी आवृत्ती चलनातून काढून घेतली. लोक भडकले ते मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर.

आपल्याकडे भांडणाची जागा वेगळी आहे. कात्री बहुतेकदा सेन्सॉरच्या नाहीतर तिकीटबारीच्या हाती असते. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) दोन मध्यंतरांचा, चार तासांहून लांब होता. तो पडला आणि पुढे आखूड करून दाखवला गेला, तेही राज कपूर स्वतः निर्माता असताना. म्हणून परदेशातली व्याख्या आपल्या चित्रपटांना तशीच लावली, तर हिशेब चुकतो.

मतं

पहिलं मत दिग्दर्शकाच्या बाजूचं. कलाकृती ज्याने कल्पिली त्याला ती त्याच्या मनाप्रमाणे दाखवण्याचा हक्क असावा, विशेषतः बदल जबरदस्तीने झाला असेल तर. ‘शोले’च्या शेवटाबाबत ही बाजू फार भक्कम आहे. जोड्यांना खिळे ठोकले जातात ते कशासाठी, ठाकूर दोन चोरांना पैसे देऊन गावात आणतो तो कशासाठी, याचं उत्तर मूळ शेवटात आहे. पोलिसांच्या शेवटात नाही.

दुसरं मत इतिहासाच्या अभ्यासकांचं, आणि ते सहज झटकता येत नाही. १९७५ मध्ये कोट्यवधी लोकांनी जो पाहिला, तोच ‘शोले’ घडलेला इतिहास आहे. ते पोलीस ऐन वेळी आले याचं कारण आणीबाणी आहे, म्हणून तो शेवट त्या काळाचा पुरावा आहे. ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रिंटा जाळल्या गेल्या, ‘आँधी’वर बंदी आली, ‘शोले’चा शेवट बदलला: ही तिन्ही एकाच दिवसांची कागदपत्रं आहेत. दुरुस्त आवृत्ती आली म्हणून दडपणाखालची आवृत्ती नाहीशी झाली, तर दडपणाची खूणही पुसली जाईल. या मताचे लोक नव्या शेवटाला विरोध करत नाहीत. जुनाही तितक्याच निगुतीने जपा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

तिसरं मत, चित्रपट एकट्या दिग्दर्शकाचा कधीच नसतो. सलीम-जावेदची पटकथा, द्वारका दिवेचांचा कॅमेरा, आर. डी. बर्मनचं संगीत, शिंद्यांचं संकलन. ‘डायरेक्टर्स कट’ या शब्दातच बाकीच्यांचं श्रेय आकसतं, अशी ही तक्रार आहे. संकलक आणखी पुढे जाऊन म्हणतात, की कापलेली गोष्ट बहुधा कापण्यासारखीच असते. जगभरच्या वाढीव आवृत्त्या पाहिल्यावर हे बऱ्याच वेळा पटतं. २०२५ मध्ये दिग्दर्शक राजामौलीने ‘बाहुबली’चे दोन भाग एकत्र करून ‘बाहुबली: द एपिक’ ३१ ऑक्टोबरला आणला, तेव्हा त्याने वाढवलं नाही, कापलं. दोन भागांचा ऐवज पावणेचार तासांच्या आत बसवला. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणजे लांब आवृत्ती, या समजाला हा चांगला उतारा आहे.

चौथं मत मालकाचं, म्हणजे निर्मात्याचं. पैसा त्याचा, जोखीम त्याची, हक्क त्याचे. दुरुस्तीला लागणारा खर्चही तोच करतो किंवा मिळवतो. निर्मात्यानेच पुढाकार घेतला नसता तर ‘शोले’चं हे रूप दिसलं नसतं, ही गोष्ट त्याच्या बाजूने मांडावी लागेल. पण याच हक्काची दुसरी बाजूही त्याच वर्षी दिसली. १ ऑगस्ट २०२५ रोजी ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून लावली गेली. जिथे नायक मरतो तिथे तो जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला, आणि हक्क आपल्याकडे आहेत हे निर्माती कंपनी इरॉसचं उत्तर होतं. ‘शोले’त निर्मात्याने दिग्दर्शकाचा शेवट परत आणला, ‘रांझणा’त दिग्दर्शकाचा शेवट हक्कदाराने पुसला. दोन्ही वेळा ज्या अधिकाराने हे घडलं, तो एकच होता.

प्रेक्षकाचं मत एक नाही. काहींना आठवणीतला ‘शोले’ जसाच्या तसा हवा असतो, संवाद तोंडपाठ असतात, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही. पॉलिडॉरने ‘शोले’च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या. लग्नमांडवात आणि पानठेल्यावर त्या इतक्या वाजल्या की कित्येकांनी हा चित्रपट पाहण्याआधी ऐकला. या कानांनी बनलेल्या आवृत्तीचा दावाही काही कमी नाही. दुसरीकडे तरुणांना नवं काही पाहायला मिळतं म्हणून यावंसं वाटतं. पण हेही पुरतं खरं नाही: राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये एकही दृश्य न वाढवता पुन्हा लागला आणि २०१८ च्या पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. लोकांना नवी दृश्यं हवी असतात की मोठा पडदा आणि सोबत, याचं उत्तर ‘तुंबाड’ने एका बाजूला झुकवलं आहे.

कायदा कुठे उभा आहे

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार (१९५७) चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता आहे. कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देतं. पण दिग्दर्शक कर्ताच नाही म्हटल्यावर या कलमाचा त्याला उपयोग किती, हा पेच राहतो. प्रमुख दिग्दर्शकाला निर्मात्यासोबत सहकर्ता मानावं, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होती. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती त्यात नव्हती. त्यानंतर लगेचच ‘शोले’ त्रिमितीत आणायला त्याचे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी विरोध केला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना मनाई हुकूम दिला नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये थ्रीडी ‘शोले’ लागला. दिग्दर्शकाच्या इच्छेविरुद्धचा ‘शोले’ आणि दिग्दर्शकाच्या इच्छेचा ‘शोले’, दोन्ही बारा वर्षांच्या आत एकाच कायद्याखाली प्रदर्शित झाले.

प्रमाणपत्राची बाजू त्यामानाने सुटसुटीत आहे. प्रमाणित चित्रपटात काही जोडलं वा बदललं तर सेन्सॉर मंडळाकडे पुन्हा जावं लागतं. २०२३ च्या दुरुस्तीने वयानुसार यूए ७, १३ आणि १६ असे गट केले. एकेकाळी जे दाखवणं अशक्य होतं ते आता ‘सोळा वर्षांवरील’ अशा सूचनेसह दाखवता येतं. मात्र मंडळाच्या निर्णयावर दाद मागण्याचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही.

गोंदियाचा पदर

२००५ पासून यूएफओसारख्या कंपन्यांनी उपग्रहामार्गे चित्रपट पोचवायला सुरुवात केली आणि पेटी इतिहासजमा झाली. याचा थेट अर्थ असा, की मुंबईत जी आवृत्ती लागते तीच त्याच दिवशी गोंदियात लागू शकते. ऑपरेटरची कात्री संपली. आवृत्तीच्या बाबतीत आमगाव-तिरोड्याचा प्रेक्षक इतिहासात पहिल्यांदा दादरच्या प्रेक्षकाच्या बरोबरीला आला.

बरोबरी इथेच थांबते. एकपडदा टॉकीज गावोगाव बंद होत गेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी पडदे मोजके, आणि साडेतीन तासांच्या जुन्या चित्रपटाला दिवसाचे दोन खेळ देणं म्हणजे नव्या चित्रपटाचे तीन खेळ घालवणं, हा साधा हिशेब मॅनेजरपुढे असतो. त्यामुळे पुनर्प्रदर्शन मोठ्या शहरांत आठवडाभर टिकतं, इथे एखाद्या खेळापुरतं येतं किंवा येतच नाही. सालेकसा-देवरीच्या माणसाने नागपूर गाठायचं म्हटलं तर तिकिटापेक्षा जाण्यायेण्याचा खर्च जास्त. बालाघाट नाहीतर राजनांदगाव जवळ, पण तिथलीही गत फारशी निराळी नाही. मग हा चित्रपट ओटीटीवर येईल तेव्हा फोनवर पाहिला जातो. सत्तर मिमीची चौकट परत आणण्यासाठी तीन वर्षं खपायचं आणि ती सहा इंचांत पाहायची! दुरुस्तीचा खर्च ज्या मोठ्या पडद्यासाठी केला, तो पडदा कुणाकुणाला मिळतो, हा प्रश्न डायरेक्टर्स कटवरच्या कुठल्याही चर्चेत मला प्रमुख वाटतो. महोत्सवांच्या आणि मल्टिप्लेक्सच्या परिघात तो विचारला जात नाही, म्हणून इथे विचारतो.

काय अनिर्णित आहे

चार गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत.

नावांबद्दल एकवाक्यता नाही. ‘डायरेक्टर्स कट’, ‘फायनल कट’, ‘अनकट’, ‘रिलोडेड’ हे शब्द जाहिरातदार आपल्या सोयीने वापरतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘पुष्पा २’ वीसेक मिनिटं वाढवून ‘रिलोडेड’ म्हणून आला. तो प्रदर्शनानंतर दीड महिन्यात वाढवलेला चालू चित्रपट होता. ‘शोले’ची अर्धशतकानंतरची दुरुस्ती आणि हे, दोन्ही एकाच पंक्तीला बसवले जातात. कुणी कापलं होतं, कुणी परत जोडलं आणि दिग्दर्शकाची संमती आहे का, या तीन ओळी सुरुवातीला दाखवणं बंधनकारक करता येईल. तसं अजून कुणी केलेलं नाही.

दिग्दर्शक हयात नसेल तर काय, यालाही उत्तर नाही. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा १९७ मिनिटांचा चित्रपट १७७ मिनिटांचा झाला होता. के. आसिफ १९७१ मध्येच गेले होते. लोकांनी तो आवडीने पाहिला. तो कुणाचा ‘कट’ म्हणायचा?

जुनी आवृत्ती चलनात ठेवण्याची जबाबदारी कुणावरही नाही. संग्रहालयात एक प्रत असणं आणि प्रेक्षकाला ती पाहता येणं, यांत मोठं अंतर आहे.

आणि मराठीचा प्रश्न याहून आधीच्या पायरीवर अडला आहे. कापलेलं परत जोडायचं तर कापलेला तुकडा कुठेतरी जपलेला असावा लागतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात संग्रहालयाच्या गोदामाला लागलेल्या आगीत प्रभातच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. बऱ्याच चित्रपटांच्या नकला होत्या म्हणून ते वाचले. १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ पाहायला मिळतो तो बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे एक प्रिंट राहिली म्हणून. तिच्यावरून दुरुस्त केलेली प्रत २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. दादा कोंडक्यांची सेन्सॉरशी वर्षानुवर्षं जुंपली होती. त्या झटापटीत कापली गेलेली फिल्म कुठल्या गोदामात असलीच, तर ती आता पन्नाशीला आली आहे आणि ‘शोले’च्या निगेटिव्हला जे झालं ते तिलाही होत असणार. तिची यादी करण्याचं काम निर्मात्यांच्या वारसांनी करायचं, राज्य सरकारने की पुण्याच्या संग्रहालयाने, हे ठरायचं आहे.